चिंचेनं घासलेली नाणी

"आक्का, चिंचेनं घासलीस व्हय गं?" बेळगावच्या नाण्यांच्या प्रदर्शनात शेजारच्या टेबलावरचा माणूस ओरडला.

सुपा गावातलं आमचं घर धरणात गेलं तेव्हा वाचवलेली तांब्याची नाणी मी देवाच्या भांड्यांसारखी लखलखीत करून आणली होती. रामनगरच्या नव्या घराला कौलं हवी होती, म्हणून ती विकायची होती.

रामनगरच्या बाजारात नेहमी दिसणारा हा माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो. "नाणं घासू नको, न्हाई घासायचं. टेबल सोडू नको, न्हाई सोडायचं."

न घासलेल्या, काळ्या पडलेल्या नाण्याला जास्त किंमत का, ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारपर्यंत माझ्याकडे कुणी थांबलं नाही. मग त्यानं आपली काळी नाणी माझ्या टेबलावर ठेवली आणि माझी उचलून नेली.

"अरे, हे काय?"

"विक, आक्का. विक."

ती विकली, कौलं आली.

पुढं रामनगरच्या बाजारात माझी नाणी न खपता तशीच चमकताना दिसायची. ती विकायला तोच बसलेला असायचा.