महिपतभाऊंच्या नाटकातला नारळ

देवाची भांडी चिंचेनं घासायला घेतली होती. ताम्हन लख्ख झालं, तांब्या अर्धा लाल, अर्धा काळपट, तेवढ्यात बेल वाजली. दारात यतीन, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. हातात कागद.

"काकी, इथे फक्त सही करा. बाकी मी बघतो."

"न वाचता? न वाचता ओटीपीसुद्धा देऊ नये म्हणतात."

कागद महिपतभाऊंच्या विरोधात होता. दर सव्वीस जानेवारीला आमच्याकडे सकाळी झेंडा, दुपारी सत्यनारायण आणि संध्याकाळी कार्यक्रम असतो. यंदाच्या कार्यक्रमासाठी भाऊंनी मुलांना नाटक लिहून दिलंय, 'सन २१२५ ची आपली सोसायटी'. त्या सोसायटीत एक म्हातारी सोडली तर कोणीच देव मानत नाही. पूजेच्या दिवशी नास्तिक नाटक नको, अशी तक्रार. खाली सहा सह्या.

"तुमची सातवी," यतीन म्हणाला. "पूजा तुम्ही मांडता. तुमची सही आली की कोणी आर्ग्यू करणार नाही. नाटक कॅन्सल, मुलांचा डान्स ठेवू."

"आधी नाटक वाचते. संध्याकाळी सांगते."

महिपतभाऊ आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे, आयुष्यभर वायरमन. लालबागची खोली विकून इथे बेव्हर्ली पार्कात आले ते आम्ही आलो त्याच वर्षी. आज उकडतंय असं म्हणावं, तितक्याच सहज ते देव नाही म्हणतात. आवाज चढवत नाहीत, कोणाला पटवायला जात नाहीत. पूजेच्या मंडपाचं लायटिंग मात्र पंचवीस वर्षं त्यांच्याकडेच आहे. तीर्थाला हात पुढे करत नाहीत, प्रसादाचा शिरा दोनदा घेतात.

"वहिनी, रवा, तूप, साखर. यात तुमचा देव कुठे मिसळला?"

"मग घरी करून बघा तसा."

यावर ते वाटी पुढे करतात.

त्यांची बायको शेवंतीवहिनी. त्यांची पूजा कधी चुकली नाही आणि भाऊंनी ती कधी चुकवायला लावली नाही. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. चौदाव्या दिवशी भाऊ आमच्या दारात उभे राहिले, हातात धुतलेला पंचा, पंचात वहिनींचे देव.

"मला यांची पूजा जमणार नाही. खोटं खोटं करायची नाही. पण हे धूळ खात पडले तर तिचा अपमान होईल. तुमच्याकडे जागा आहे?"

होती. त्यांचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा तेव्हापासून माझ्या देवांबरोबर आंघोळ करतात. भाऊ कधी बघायला आले नाहीत. दरवर्षी मुलांना काहीतरी लिहून द्यायचे, तेही थांबलं. दोन वर्षांनी हे पहिलं लिखाण. हे रद्द झालं असतं तर त्यांनी पुन्हा पेन उचललं नसतं. यतीनला हे कळणार नाही, मला कळत होतं.

दुपारी मुलांकडून नाटक मागवून वाचलं. सहा पानं. चाळीस मजल्यांची इमारत, माणसं सगळी नम्र. देव मानायला बंदी नाही, पण आधी अर्ज करायचा. 'सहिष्णुता विभागा'चा ऑफिसर शिक्का मारणार, मग मानायचं. म्हातारी खिडकीशी येते. म्हणते, "मला देवापुढे नारळ फोडायचाय." ऑफिसर विचारतो, "आवाज किती डेसिबल?"

मी एकटीच हसले. शेवटच्या पानावर हसू गेलं. अर्ज करून करून थकलेली म्हातारी आपले देव काउंटरवर ठेवते आणि रिकाम्या हातानं घरी जाते.

तशीच उठले, समोरची बेल दाबली.

"सही करून आलात?" भाऊंना कागदाचं कळलं होतं.

"नाटकात चूक आहे."

"देव नाही, हीच ना?"

"ते तुमचं तुम्ही बघा. म्हातारी नारळ फोडायचा म्हणते. शेवंतीवहिनी असं कधी बोलल्या?"

भाऊंनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"चटणीला फोडायची," ते म्हणाले. "देवापुढे वाढवायची."

"मग? शंभर वर्षांनीही ती वाढवणारच."

आणि एकदम त्यांना हसू फुटलं. खोकला लागेपर्यंत हसले. "वहिनी, तो ऑफिसर काय लिहील सांगू? नारळ वाढवणे. शेतीचं काम. परवानगी मंजूर!"

"लिहा ते. आणि शेवट बदला. ही बाई देव ठेवून जाणार नाही. देव दुसऱ्याकडे दिले ते तुम्ही. तिनं नाही."

"नाटक माझं आहे. माझ्या मते देव नाहीये."

"तुमच्या मते नसेल. तिच्या मते आहे ना? तिला तिच्या मतानं वागू द्या. घरात तुम्ही तेच केलंत. मग शंभर वर्षांनंतरची माणसं तुमच्यापेक्षा मागासलेली कशी?"

"मागासलेली कुठे? ते तिला सहन करतात."

"सहन वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग करतात, भाऊ. माणसाला नाही."

ते उठले, पेन शोधू लागले. मला चहा विचारायचंही विसरले.

संध्याकाळी नवं सहावं पान घेऊन आले. ऑफिसर खिडकी बंद करतो आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन म्हातारीच्या घरी जातो. तिचे गुडघे गेलेत, देव्हारा उंच आहे. तो देव्हारा उतरवून तिच्या हाताशी बसवतो. हात जोडत नाही. ती जोड म्हणत नाही.

"शेवंतीचा असाच खाली घेतला होता," भाऊ म्हणाले. "ती गेली त्याच्या आदल्या वर्षी."

इतकी वर्षं समोर राहून हे मला माहीत नव्हतं.

यतीन आला तेव्हा कागद त्याला सही न करताच परत दिला.

"काकी, तुम्ही? एवढं देवाधर्माचं करता!"

"म्हणूनच. सहा पानांनी हलणारा देव असता तर मी चाळीस वर्षं त्याच्यापुढे बसले नसते. आरती झाली की नाटक. शिरा नाटकानंतर वाटायचा, म्हणजे कोणी उठणार नाही."

"आणि ते सहा जण?"

"पुढच्या रांगेत बसव."

तो डोकं खाजवत लिफ्टकडे गेला. जाताना "वाढवायचा म्हणजे काय पण?" असं विचारून गेला. सांगितलं, नाटक बघ.

म्हातारी होणार तिसऱ्या मजल्यावरची क्षितिजा, नववीतली. ऑफिसरचं काम करायला मुलांपैकी कोणी तयार नाही, म्हणून भाऊ स्वतः उभे राहतायत. भविष्यातला शर्ट चकाकता पाहिजे, असा मुलांचा हट्ट आहे. उद्या दहा वाजता नया नगरच्या बाजारात जायचंय, चंदेरी कापड आणायला. अडीच मीटर.