फान्शनं कोरलेला बूट

फान्श केरब्रा लाकडी जोडे करायचा. फान्सच्या पार कोपऱ्यातल्या आमच्या लान्झेवेर गावात चिखलच एवढा, की कातडी बूट घालणारे दोघेच, पाद्री आणि मेयर. बाकी अख्खं गाव फान्शच्या लाकडावर चालायचं. वाकसानं ओंडका तासायचा, वाकड्या कोरणीनं आतून पोखरायचा, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. माणूस तापट, पण मनात काही ठेवायचा नाही. एकच खूळ होतं त्याला, सरकारचं. राजे गेले, प्रजासत्ताक आलं, आता कारागिराचं पोरही साहेब होणार, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. आमचं गाव पडलं पाद्र्याच्या बाजूचं, प्रजासत्ताकवाल्याला 'लाल' म्हणणारं. "आला बघा लाल फान्श!" म्हणून लोक दात काढायचे.

"हसा लेको," तो म्हणायचा, "तुमची पोरं शेण काढत असतील ना, तेव्हा माझा गुल्वेन पोस्टात खुर्चीवर बसलेला असेल."

गुल्वेन त्याचा एकुलता एक. त्याला त्यानं पाद्र्याच्या शाळेत न घालता सरकारी शाळेत घातलं. बायको कातेल दोन दिवस जेवली नाही. तिला देवाची काळजी, ह्याला पोस्टाची.

सरकारी शाळेत बोलायचं ते फक्त फ्रेंच. आता आमच्याकडे फ्रेंच येतंय कुणाला? जन्मल्यापासून आम्ही आमच्या बोलीत, ब्रेटनमध्ये रडलो, ब्रेटनमध्ये भांडलो. फान्शला स्वतःला दहाबारा फ्रेंच शब्द यायचे, तेही शिव्याच जास्त. पण शाळेच्या आवारात ज्याच्या तोंडून ब्रेटन निघेल त्याच्या गळ्यात मास्तर दोरीनं एक छोटा लाकडी बूट अडकवायचे. सुटका हवी तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेटन बोलताना पकडायचं आणि बूट त्याच्या गळ्यात घालायचा. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात बूट सापडेल त्याला छड्या.

एकदा तो जुना बूट फुटला. मास्तर रियू फान्शच्या दुकानी आले. "केरब्रा, एक नवा करून दे. चांगला टिकाऊ."

कातेल चुलीवर कुट्टूचे घावन घालत होती. ती तिथूनच कडाडली, "आपल्याच लेकरांचा गळफास ह्यांच्याकडून करून घेताय होय, मास्तर?"

मास्तर रागावले नाहीत. "वहिनी, माझी आई धक्क्यावर मासळी विकायची. असाच बूट गळ्यात घालून मी फ्रेंच शिकलो, म्हणून माणसात आलो. फ्रान्स एक व्हायचा तर बोली एक नको?"

फान्शला ते पटलं. त्यानं बूट केला. अंगठ्याएवढा, घोटीव, वर एक छोटं फूलही कोरलं. एक सूचं नाणंही घेतलं नाही त्यानं. देशासाठी आपल्या हातून काहीतरी झालं म्हणून गडी आठवडाभर छाती काढून फिरत होता.

गुल्वेन बापासारखाच तोंडाळ. पहिल्याच आठवड्यात बूट त्याच्या गळ्यात आला आणि तिथेच राहिला. रोज संध्याकाळी पोराचे हात सुजलेले.

"अरे गाढवा, दुसऱ्या कुणाला तरी पकड ना!" फान्श ओरडला.

"मग त्याला मार बसेल, बा."

पोरानं मग आपला आपण उपाय काढला, तो बोलायचाच बंद झाला. फ्रेंच येत नव्हतं आणि ब्रेटनला मार होता. त्यानं तोंडच मिटलं. मास्तर म्हणाले, पोरगा सुधारला. फान्शला आनंद झाला. पण फ्रेंच काही आलं नाही, पोस्ट राहिलं बाजूला, आणि बाराव्या वर्षी गुल्वेन मुकाट बापाशेजारी कोरणी घेऊन बसला. गाईशी बोलायचा, आईशी थोडंफार बोलायचा. पण टोपीवाला, कागदवाला कुणी दारात आला की ह्याची दातखीळ बसायची आणि हात गळ्याशी जायचा. दोरी चाचपायचा.

"बघितलात त्याचा हात?" कातेल म्हणायची.

"सवय आहे, जाईल," फान्श म्हणायचा.

चौदा साली जर्मनांशी लढाई लागली. गुल्वेन गेला. फान्शनं दुकानावर तिरंगी कापड लावलं आणि वेशीपर्यंत पोराला सोडायला गेला. वाटेत बोलत होता तो एकटा बापच.

तीन महिन्यांनी मेयर दारात आला. टोपी न काढता त्यानं सांगितलं: गुल्वेननं लढाई चुकवायला स्वतःच्याच हातावर गोळी झाडून घेतली, लष्करी कोर्टानं त्याला दोषी धरलं, आणि आपल्याच शिपायांनी त्याला गोळ्या घातल्या. फान्शनं ते तिरंगी कापड ओढून काढलं. गावात कुजबुज सुरू झाली, भेकडाचा बाप म्हणून. कातेलनं अंथरूण धरलं ते पुन्हा उठलीच नाही. पुढच्या हिवाळ्यात फान्शनं तिला एकट्यानं पुरलं म्हटलं तरी चालेल, इतकी कमी माणसं आली.

शेजारच्या शेतातला जाकेझ, गुल्वेनच्याच तुकडीतला, एक हात गमावून परत आला. सुरुवातीला तो फान्शला टाळायचा, रस्ता बदलून जायचा. मग एके दिवशी दुकानात येऊन उभा राहिला.

"फान्शकाका, ती गोळी जर्मनांचीच होती. आम्ही दोघं सूपाचं भांडं उचलून नेत होतो. मी शेजारीच होतो."

फान्शच्या हातातली कोरणी थांबली.

"डॉक्टर म्हणाला, जखमेभोवती बंदुकीच्या दारूचा काळा डाग आहे, म्हणजे जवळून स्वतःच झाडली. अहो, तो चिखल होता! कोर्टाच्या दिवशी दारावर पहारा माझाच होता. साहेबानं फ्रेंचमध्ये विचारलं, तुला काय सांगायचंय? गुल्वेन गप्प. परत विचारलं. गप्पच. मी हळूच म्हटलं, बोल रे बाबा, ब्रेटनमध्ये बोल, काहीही बोल. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि..." जाकेझनं उरलेला हात गळ्याशी नेला. "असं केलं."

फान्शनं कोरणी खाली ठेवली.

"आणि तू?" फान्शनं विचारलं. "तू का नाही बोललास रे?"

"मीही त्याच शाळेतला ना, काका," जाकेझ म्हणाला आणि रडायला लागला.

फान्शनं त्याला शिवी दिली नाही. द्यायची तरी कुठल्या तोंडानं? बूट कुणी केला होता?

लढाई संपली. एकवीस साली गावात शहिदांचा खांब उभा राहायचा ठरला. आता फान्शला एकच गोष्ट हवी होती, त्या दगडावर पोराचं नाव. जाकेझला बरोबर घेऊन तो मेयरकडे गेला. एकदा नाही, पाच वेळा गेला. पाचव्या वेळी मेयर वैतागला. "शत्रूच्या गोळीनं मेलेल्यांचीच नावं. कोर्टाचा निकाल मी बदलू का?"

उद्घाटनाच्या सकाळी फान्श तडक शाळेत घुसला. मास्तर रियू पोरांच्या रांगा लावत होते. आता केस पिकले होते त्यांचे. त्यांचाही पोरगा त्याच लढाईत गेला होता, त्याचं नाव दगडावर पहिलं होतं. सातआठ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात तो बूट लोंबत होता. फूल झिजलं होतं, बाकी बूट शाबूत. टिकाऊच केला होता ना! फान्शनं तो तिच्या गळ्यातून काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. मास्तर बघत राहिले.

खांबापुढे सगळं गाव जमलं होतं. मास्तर एकेक नाव वाचत होते आणि प्रत्येक नावावर पोरं फ्रेंचमध्ये एका सुरात म्हणत होती, "फ्रान्ससाठी प्राण दिले!" शेवटचं नाव झालं तसा फान्श गर्दीतून पुढे आला. गळ्यात तो बूट. लोक हसले नाहीत, पण मेयरनं बँडवाल्यांकडे मान वळवली.

"अजून एक राहिलाय," फान्श ब्रेटनमध्ये म्हणाला. "गुल्वेन केरब्रा."

जाकेझ खाली बघत होता.

फान्श पोरांकडे वळला. "म्हणा की रे. तुम्हाला समजतंय मी काय म्हणतोय ते. एकानं तरी काहीतरी म्हणा."

ती सकाळची मुलगी पुढच्या रांगेत होती. तिचे ओठ हलले. मग तिनं मास्तरांकडे पाहिलं, आणि तिचा हात आपोआप गळ्याशी गेला. दोरी नव्हती तिथे, तरी चाचपत राहिला.

फान्शनं ते बघितलं.

"राहू दे, पोरी," तो म्हणाला. "तू नको बोलूस."

आणि बँड सुरू झाला.