ओली दोरी

सावळारामनं दोरी सोडली तेव्हा मी अर्ध्यावर होतो.

कोरडी होती तोवर तो मला नीट ओढत होता. मग गाळानं भिजलेला भाग त्याच्या हाताशी आला आणि त्यानं हात झटकले. मी पाठीवर पडलो. खाली कंबरभर घाण. नाकात गेली, तोंडात गेली. वर हसणं ऐकू आलं. मेनहोलच्या तोंडाशी मुकादम वाकून बघत होता.

"सुक्याला विटाळ नाही, ओल्याला आहे," तो म्हणाला. "उद्यापासून दोरी खांबाला बांधा. तू भिंत धरून चढ."

कसाबसा वर आलो. मुकादमाला म्हणालो, "मी जात सोडलीय. दीक्षा घेतलीय."

"घे की. दोरी ओलीच आहे ना?"

परळ-लालबागच्या रस्त्याखाली नवं गटार बांधायचं काम होतं. जुनं गटार पावसात तुंबायचं. मैला मेनहोलमधून उसळून रस्त्यावर यायचा, तळमजल्याच्या खोल्यांत शिरायचा, माणसं पलंगावर चूल मांडायची. म्हणून हे नवं, मोठं गटार. लोक आम्हाला दुवा देत होते, पण लांबून. वर खणायला सगळ्या जातींची माणसं होती. खाली घाणीत उतरायला आम्ही, नायगावच्या चाळीतले. मी आणि माझा थोरला भाऊ. त्याला मी दादा म्हणायचो.

सावळाराम परका नव्हता, हेच जास्त झोंबलं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांना आम्ही बरोबर जायचो. एकदा गिरगावात अश्रुधूर सुटला. मला दिसेना. यानंच मला काखेत धरून एका जिन्याखाली ओढलं, स्वतःच्या धोतरानं माझे डोळे पुसले. पुढं एकाच पुडीतले दाणे खात, "मुंबई आमची" ओरडत आम्ही घरी आलो. त्या दिवशी मी घामानं निथळत होतो. तो घाम काय कोरडा होता?

संध्याकाळी त्याला हेच विचारलं. त्यानं मान खाली घातली.

"मुकादम आमच्या गावचो. घराक कळला तर आये माका चुलीकडे येवक देवची नाय."

"आणि मोर्च्यात?"

"मोर्च्यात कोण बघता?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही. तेवढीच चूक झाली असं अजून वाटतं.

शेवटचं काम सगळ्यात वाईट होतं. जुनं आणि नवं गटार यांच्यामधली भिंत फोडायची. फुटली की जुन्यातलं सगळं पाणी नव्यात घुसणार. फोडणाऱ्यानं दोरीला हिसका द्यायचा आणि वरच्यानं त्याच क्षणी ओढायचं. दादा पहार घेऊन तयार झाला. आभाळ भरून आलं होतं. मी म्हणालो, दोरी मी धरतो.

"तू वाळूची पोती वाहा," मुकादम म्हणाला. "खांब तुझ्यापेक्षा मजबूत आहे."

दादा हसला. "जा रे. भिंत काय, लाथ मारली तर पडंल." तो उतरला. ते हसणं शेवटचं.

मी पोतं आणायला वळलो आणि पाऊस कोसळला. मुकादम दुकानाच्या फळीखाली जाऊन उभा राहिला. पोतं खांद्यावर घेऊन परतताना मला दोरी दिसली. ती हिसके खात होती. एकसारखी, जोरात. सावळाराम तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. हात पुढं केलेले, पण रिकामे. खांब ढिम्म. खांबाला हिसका काय कळणार?

मी पोतं टाकून धावलो. तळव्यांची सालटी निघेपर्यंत ओढलं. दादा वर आला तेव्हा त्याचं तोंड गाळानं भरलं होतं. मी बोटं घालून गाळ काढला. पालथा घातला, पाठीवर बुक्क्या मारल्या. छातीत काही हललं नाही. दोरी अजून त्याच्या कमरेला होती.

मुकादम फळीखालूनच ओरडला, "त्याला बाजूला घ्या. अर्धी भिंत राहिलीय. पाणी चाळीत शिरंल. दुसरा कोण उतरतोय?"

मी दादाच्या कमरेची दोरी सोडली. मैल्यानं निथळणारी. मुकादमाकडं गेलो. त्याच्या पोटात डोकं घातलं, तो पडला, त्याच्या छातीवर बसलो आणि दोन्ही हातांनी मारलं. त्याचा दात माझ्या मुठीत रुतला. मग ती दोरी त्याच्या कमरेला आवळली, गाठीवर गाठ मारली आणि त्याला फरपटत मेनहोलच्या काठाशी आणलं. तो विटाळाबद्दल काही बोलला नाही. आईला हाका मारत होता.

सावळाराम रडत पुढं आला. दोरीचं दुसरं टोक त्यानं खांबावरून सोडून हातात घेतलं. ओल्या दोरीला त्याचा हात लागला तो असा, दादा मेल्यावर.

"सोड त्याका. तू उतर, मी धरतंय. देवाशपथ सोडूचंय नाय."

"धरू नको," मी म्हणालो. "बांध. तुझ्या कमरेला."

त्यानं टोक हळूच खाली ठेवलं.

मला पोलिसांनी नेलं. ठेकेदाराच्या माणसांनी त्याआधी मुकादमाला सोडवलं आणि माझी बरगडी मोडली. थंडीत अजून ठणकते. भिंत तशीच राहिली आणि त्या रात्री लोकांच्या खोल्यांत मैला शिरला. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

पुढं महाराष्ट्र झाला. दिवे लागले, पेढे वाटले. मी तुरुंगातून कधीच सुटलो होतो आणि नायगावात खोलीखोलीत जाऊन एकच सांगत होतो. आजही तेच सांगतो. दया म्हणून धरलेली दोरी सोडता येते. आमच्यातला कुणी खाली उतरंल, तर दोरीचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या कमरेला बांधलेलं असंल. आम्ही गेलो तर तोही जाईल. ज्याला हे कबूल नाही त्यानं स्वतः उतरावं. नाहीतर तुंबू द्या गटार. येऊ द्या उंबऱ्याच्या आत, चुलीपर्यंत.