धोंड्याच्या ताटात हेडफोनची वायर

"चांदी हाय का नाय, तेवढंच सांगा," माझे सासरे सोनाराच्या दुकानात ओरडत होते.

त्यांचं साधं बोलणंसुद्धा कोन गावातल्या अंगणातून निघून एक्स्प्रेसवे ओलांडतं, आणि हे तर ओरडणं होतं. पनवेलच्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात काचेमागचे झुमके आपोआप हलायला लागले. त्या दुपारी न्हावा शेव्याला एखादा कंटेनर क्रेनवरून निसटला असेल, तर चौकशी आमच्या घरापासून सुरू करायला हरकत नाही.

सोनाराने डोळ्याला भिंग लावलं होतं आणि त्याच्या चिमट्यात माझ्या हेडफोनची वायर होती. नवीकोरी, पिळदार, तान्ह्या सापासारखी चमकणारी. मी काउंटरला पोट टेकवून उभा होतो. ऑपरेशन थिएटरच्या काचेबाहेर नातेवाईक उभे असतात, तसा.

झालं होतं असं. अधिक महिना लागला होता. या महिन्यात जावयाला साक्षात विष्णू समजून जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, तेहतीस अनारसे देतात आणि सोबत चांदीची एखादी वस्तू. लग्नानंतरचा आमचा हा पहिला धोंडा. सासूबाईंनी निरांजन मनात धरलं होतं. सासऱ्यांनी रीत म्हणून फोन केला, "जावई, चांदीचं काय पायजे?" हा प्रश्न विचारायची पद्धत असते, उत्तर द्यायची नसते. मी उत्तर दिलं.

म्हटलं, "मामा, चांदीची वायर."

आता ही वायर म्हणजे काय ते सांगतो. हेडफोनसोबत कंपनी जी काळी वायर देते, तिच्यातून गाणं ऐकलं की गाणारी बाई पनवेल स्टँडवर उभी आहे आणि आपण कर्नाळ्याच्या सुळक्यावर बसलोय, असं वाटतं. एका मित्राकडे मी चांदीच्या वायरने तेच गाणं ऐकलं. बाई उठली, हायवे ओलांडला आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसली. तबलजीच्या बोटातली अंगठी ऐकू आली. अंगठीतला खडा कुठल्या रंगाचा, तेही ऐकू आलं असतं, पण मित्राने हेडफोन काढून घेतले.

हे मी घरी सांगितलं, तेव्हा बायको कांदा चिरत होती. ती म्हणाली, "मघाशी किचनमधून तीन हाका मारल्या, त्या कुठल्या वायरने ऐकू येतील तेवढं सांग. तीच आणू."

सासऱ्यांना मात्र कल्पना पसंत पडली. निरांजन काय, सगळेच देतात. चांदीची वायर आख्ख्या कोनमध्ये कोणी जावयाला दिली नव्हती. त्यांनी वायर मागवायला लावली आणि ती यायच्या आधीच गावभर सांगून मोकळे झाले. पाकीट आलं, फुटलं, आणि सासूबाईंनी वायर हातावर तोलली. पोरीच्या पहिल्या धोंड्याला नातेवाईक ताटात वाकून वाकून बघणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ही चांदी?" त्या म्हणाल्या. "याच्यापेक्षा माझा कंगवा जड हाय."

आणि आमच्याकडे चांदीबद्दल शंका आली की माणूस जे करतो तेच आम्ही केलं. सोनाराकडे गेलो. सासरे, सासूबाई, बायको, मी आणि वायर.

सोनाराने आधी वायरीची पिन काळ्या दगडावर घासून पाहिली. मग वजन केलं. मग माझ्या देखत, मला काही कळायच्या आत, उजव्या कानाकडच्या टोकाशी पात्याने वरचं कव्हर उभं चिरलं आणि आतल्या तारांवर कानस फिरवली. माझ्या तोंडातून जो आवाज आला, तो कुठल्याही हेडफोनमधून आजवर आलेला नाही.

"वर मुलामा हाय चांदीचा," सोनार म्हणाला. "आत तांबं."

काचेमागचे झुमके हलायचे थांबले. सासऱ्यांसारखा माणूस गप्प झाला की ती शांतता वेगळीच असते. आठवडी बाजार एका क्षणात उठावा तशी. गावभर सांगितलेली चांदी त्यांच्या डोळ्यांदेखत तांबं झाली होती.

"निरांजन दाखवा," सासूबाई सोनाराला म्हणाल्या.

"मामी, थांबा," मी म्हटलं. "यात चांदीचं वजन बघायचं नसतं. आवाज बघायचा असतो. आवाज पृष्ठभागावरून जातो." हे खरं की खोटं मला आजही माहीत नाही, पण मी ते फार ठामपणे म्हणालो.

सासरे माझ्याकडे वळले. "म्हंजे तुमाला चांदी ऐकाला येते?"

"येते."

"डोले बांधून येल?"

आता नाही कसं म्हणणार. विष्णू होतो मी. चुकलो असतो, तर ताटात निरांजन गेलं असतं, वायर माझ्या खिशात, आणि पुढे जन्मभर कोनच्या प्रत्येक हळदीत माझी ओळख 'चांदी ऐकणारे जावई' अशी करून दिली असती.

सासऱ्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या डोळ्यांना बांधला. अधिक महिन्यात मासे वर्ज्य असूनही त्या टॉवेलला म्हावऱ्याचा वास होता. त्याविषयी मी आजवर घरात अवाक्षर काढलेलं नाही. हेडफोन काळ्या वायरीसकट माझ्या गळ्यात होते आणि माझ्या फोनला अजून हेडफोनचं भोक आहे, त्यामुळे बाकीची सोय जागेवर होती. सोनार मनाला येईल ती वायर लावणार, काळी किंवा चमकती, आणि मी ओळखायची. गाणं कुठलं लावायचं, तर बायकोने आमच्या हळदीतलं रेकॉर्डिंग काढलं. सासूबाई मांडवात बायकांच्या पुढे बसून हळदीचं गाणं म्हणतायत, मागे बांगड्या वाजतायत.

पहिली वायर लागली. मी कान टवकारले. सासूबाई गात होत्या. छान गात होत्या.

दुसरी लागली. सासूबाई गात होत्या. तशाच छान गात होत्या.

कुठली बाई उठली नाही, कोणी हायवे ओलांडला नाही. मांडवातल्या चाळीस बायकांच्या बांगड्या होत्या आणि एकीनेही मला खूण केली नाही. वेळ काढायला मी म्हणालो, "पहिल्या वेळी मामींचा आवाज जरा बसका वाटला."

"बसका?" सासूबाईंचा आवाज हेडफोनच्या बाहेरून आला, आणि तो कुठल्याही धातूशिवाय अगदी स्वच्छ ऐकू आला.

"वायरीमुळे, मामी. वायरीमुळे."

"मंग दुसऱ्या वेळंला?"

"दुसऱ्या वेळी कोकिळा."

"कोकिला बसक्या गल्याचीच असते," सासरे म्हणाले. त्यांना उत्तर काय मिळालं ते मी टॉवेलमुळे पाहू शकलो नाही, पण काहीतरी पाठीवर बसल्यासारखं वाजलं.

या गडबडीत सोनाराने वायर सरळ केली असावी. कारण उजव्या कानात एकदम आलं, खर्र.

मी श्वास रोखला. मान किंचित हलवली. खर्र. त्याने कानस फिरवली होती ती जागा. डावा कान शांत, उजव्यात खर्र.

"ही चांदी," मी म्हणालो.

सोनाराने वायर बदलली. मी मान हलवली. काही नाही. "तांबं." पुन्हा बदलली. "चांदी." त्याने फसवायला न बदलताच बदलल्यासारखं केलं. खर्र. "अजून चांदीच." सहाव्या खेपेला सोनाराने चहा मागवला. दारात गर्दी जमली होती. मी टॉवेल काढला, तेव्हा दोन बायका पदर सावरून माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी अंगात आल्यावर हरवलेली म्हैस सांगतो.

मी यात खोटं काय बोललो, ते मला दाखवून द्या. कुठली वायर, एवढंच विचारलं होतं. तेवढंच मी सांगितलं. आणि वायरीने आवाजात फरक पडतो हे पनवेलमध्ये साक्षीदारांसमोर सिद्ध झालं. बाकी लोक नुसता वाद घालतात.

सासरे गाडीतून कोनला पोचेपर्यंत बातमी पुढे पोचली होती, कारण ते काच खाली करून सांगत आले. धोंड्याच्या दिवशी पाटावर बसलो, तर शेजारची काकी पैंजण घेऊन आली आणि माझ्या कानाशी हलवून म्हणाली, "जावई, अस्सल हाय का बघा जरा." मी डोळे मिटले, मान डोलावली आणि विचारलं, "कुणी दिले?" म्हणाली, "सासूनं." मी म्हटलं, "मग विचारू नका." काकी समाधानाने गेली.

ताट आलं. तेहतीस अनारसे, वर तेवता दिवा, आणि मध्ये विड्याच्या पानावर ती वायर, हळदकुंकू लावलेली. नातेवाईक वाकून बघत होते. सासऱ्यांची छाती इतकी फुगली की मागचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

धोंडे खाऊन झाल्यावर सासूबाई हात पुसत आल्या. "जावई, माझा आवाज त्या चांदीतून कसा येतो, मला पन ऐकवा."

मी म्हटलं, फोनची बॅटरी गेलीय. बायकोने स्वतःचा चार्जर पुढे केला, त्या हसण्यासकट, जे मला ओळखतं. मग म्हटलं, जेवणावर लगेच ऐकू नये, पित्त होतं. सासूबाई पाटावर मांडी घालून बसल्या सुद्धा. मी अगदी हळू हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले, वायर सरळ धरली आणि म्हटलं, "मामी, मान हलवू नका हां."

गाणं लागलं. स्वतःचं गाणं ऐकताना मान न हलवणारी बाई अजून जन्मायची आहे.

सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांनी आख्खं गाणं ऐकलं, डोळे मिटून, शेवटच्या ओळीपर्यंत. सासरे ओरडले, "काय गो, चांदी ऐकाला येते का?"

सासूबाईंनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"उजव्या कानान कोनीतरी भजी तलतंय."