विसर्जन चुकवणारा गणपती

देवासच्या घरात बसून मी एकटीच अ‍ॅनिमेशन करते. जाहिरातींसाठी कम्प्यूटरवर बाहुल्या नाचवून डोकं कामातून गेलं, तेव्हा मी माती हातात घेतली. आमच्या हाटपिपल्या गावच्या शेतातली काळी माती, आत तारेचा सांगाडा. मूर्ती तसूभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. मला रात्री पुन्हा शांत झोप लागू लागली. फिल्म होती विसर्जन चुकवून पळणाऱ्या गणपतीची. अनंत चतुर्दशीपर्यंत तो जेमतेम उंबऱ्याशी पोचला होता.

त्या दिवशी बाजारातून आले तर टेबल रिकामं. आईने घरच्या गणपतीबरोबर त्यालाही बादलीत बुडवलं होतं.

"त्याची प्राणप्रतिष्ठा कोणी केली होती?" मी ओरडले.

"तूच तर त्याला चालवत होतीस," आई म्हणाली. "आणखी कुठली प्राणप्रतिष्ठा हवी? चतुर्दशीनंतर घरात ठेवतात का कधी? तुझ्या तारा धुऊन ठेवल्यात बघ."

मग माझं तोंड पाहून तिला दया आली असावी.

"परेशान कशाला होतेस? बाकीचं कम्प्यूटरवर कर. तिथे विसर्जन नाही लागत."