बाळकुमची चिनी गौर

ऑफिसात डबा खाताना नीलेशने मोबाइलवर घरच्या गौरीचा फोटो दाखवला आणि माझा घास हातातच राहिला. गौर चिनी होती!

नीलेश ठाण्याच्या बाळकुमचा आगरी. त्याचे पणजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांनी कुठूनसं एक रेशमावरचं चित्र आणलं आणि घरच्यांनी ते गौर म्हणून पुजायला घेतलं. गौरी आल्या की भिंतीवर उलगडायचं, तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं की सुती लुगड्यात गुंडाळून पेटीत. मला चिनी चित्रांचं भयंकर वेड, पण ते सगळं पुस्तकांवर आणि स्क्रीनवर पोसलेलं. "ये की बघायला," नीलेश म्हणाला, "आणि ही नक्की कोण तेपण सांग. यंदा फ्रेम करून नव्या हॉलमध्ये कायमची लावतोय. आई जाम नाराज आहे. बोलते, भिंतीवरच राहिली तर ती परत येणार कशी?"

गौरीपूजनाच्या दिवशी सकाळीच डोंबिवलीहून स्कूटर काढली. जाणार असाल तर मोठागाव-माणकोली पुलावरून जा. खाडीवरचा वारा खात पाच मिनिटं राजासारखं वाटतं. पुढे अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी या पट्ट्यात गोदामं, कंटेनर आणि खड्डे तुमचा सगळा राजेपणा उतरवतात. जाऊन-येऊन शंभराचं पेट्रोल पुरलं, कमरेचा हिशेब वेगळा.

बाळकुमला टॉवरच्या जंगलात नीलेशचं नवं घर. दारापासून आतपर्यंत गौरीची पावलं काढलेली. मी चपला काढल्या, वर पाहिलं आणि अक्षरशः किंचाळले.

ती समोर बसली होती. मधाच्या रंगाचं रेशीम, राखाडी-निळा झगा, रुंद बाह्या. अंबाड्यावर कमळाच्या आकाराचा चिमुकला मुकुट, हातात चवरी. एक भुवई किंचित वर, हनुवटीपाशी तीळ. देवीला कोण तीळ काढतं? कुणीतरी खऱ्या बाईला समोर बसवून हे काढलं होतं! तिच्याकडे बघताना मला रडूच यायला लागलं.

"बोल, कोन हाय ती?" काकींनी, म्हणजे नीलेशच्या आईने, विचारलं.

"काकी, देवी नाही वाटत. चीनमध्ये ताओ म्हणून पंथ आहे, त्यातली संन्यासिनी असावी. तो मुकुट, ती चवरी त्यांचीच."

बोलले आणि जीभ चावली. नीलेशने लगेच संधी साधली. "बघ आई! देवी नाहीच. आता लावू या फ्रेम."

काकी चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "देवी नाय, बाई हाय. मंग गवर काय येगली असतं? माहेराला आयलेली बाईच ना ती?" आणि माझ्याकडे वळून, "हिचा गाव चीन बोललीस? आगो बाय, कवऱ्या लांबशी आयली!"

आता मला जोर चढला. रेशमावरचे रंग उजेडाने उडतात, तिकडेही अशी चित्रं गुंडाळून ठेवतात आणि प्रसंगालाच उलगडतात, हे मी एका दमात सांगितलं. "तुमच्या रीतीमुळेच ती इतकी टवटवीत राहिली, काकी."

नीलेशने भिंतीला टेकवलेल्या कोऱ्या फ्रेमकडे बघितलं. "मग हिचं काय करू?"

"तुजा फोटो लाव," काकी म्हणाल्या.

जेवायला तांदळाची भाकरी आणि झणझणीत मटण, कारण इथे गौरीला नैवेद्य तिखटाचा. दोन भाकऱ्या हाणल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "या संन्यासिनी बहुतेक मांस-मच्छी खात नाहीत हं." काकींचा डाव हवेतच थांबला. मला उगाच अपराधी वाटलं.

घरी परतले ते तरंगतच. चित्र किती जुनं, मूळ की नक्कल, मला सांगता येणार नाही. तुम्ही पत्ता मागू नका, ते कुणाचं तरी घर आहे. मात्र आपल्या आसपासच्या पेट्यांमध्ये काय काय असेल, या विचाराने मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जन आटोपल्यावर नीलेशचा फोन आला. "गौर-गणपती गेले. ही अजून भिंतीवरच आहे. आई गुंडाळूच देत नाही."

मागून काकींचा आवाज आला, "सांग तिला, इतकी वर्सं बिचारीला मटान वाढला. उद्या खीर-पुरी खाऊन जाईल ती."