कॉटवर झोपल्यावर

नर्सिंगच्या मुलींना पेशंटशी कसं बोलावं हे शिकवताना आज मीच पेशंट झाले. वर्गातल्या कॉटवर आडवी होऊन चादर पांघरली. मांडीचं हाड मोडलेल्या बाईचं सोंग होतं. नर्सच्या सोंगातली विद्यार्थिनी रेश्मा जवळ आली.

"सिस्टर, मला जरा लघवीला..." मी पुटपुटले.

"बेडपॅन देऊ का?" तिनं खणखणीत आवाजात विचारलं. बाकांवर हसू फुटलं.

सगळं खोटं होतं, तरी माझे कान तापले. चादर मी हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "त्यात लाजायचं काय?" असं वॉर्डातल्या किती बायकांना मी उभ्याउभ्या ऐकवलं असेल! झोपलेल्या माणसावर उभ्या माणसांच्या नजरा फार उंचावरून पडतात, हे आज कळलं.

रेश्माच्या काय लक्षात आलं कुणास ठाऊक. तिनं कॉटभोवतीचा पडदा ओढला, खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "चुकलं माझं, मावशी. आता कुणी बघत नाही. सावकाश होऊ द्या."

बाहेर मुली खोळंबल्या होत्या. रेश्माचं काय चुकलं हे सांगायला मी उठायला हवं होतं. पण डोळे पुसल्याशिवाय पडदा सारायचं धाडस मला होईना.